नऊ अँगस्ट्रॉमचं क्रोमियम: अतिपातळ चुंबकीय थर हार्ड डिस्कपर्यंत कसे पोचले

जुनी हार्ड डिस्क उघडून पाहिली तर आत आरशासारखी तबकडी दिसते आणि तिच्यावर झुकलेला एक दांडा. दांड्याच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा काळपट तुकडा असतो. तबकडीवरची माहिती वाचतात ते या तुकड्याच्या, म्हणजे हेडच्या, कडेवर चढवलेले काही धातूंचे थर. १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या डिस्कमध्ये त्यांतला एक थर तांब्याचा असे, जाडी दोन-अडीच नॅनोमीटर. अणूंचे पदर मोजायला बसलात तर दहा-बारा भरतील.

या तांब्याच्या जागी आधी क्रोमियम होतं आणि तेही याच्या निम्म्याहून कमी जाडीचं. १९८८ साली त्या क्रोमियमनं जो आकडा दिला, त्यानं चुंबकत्वावर काम करणारे सगळे चकित झाले. तरी त्या आकड्यापासून दुकानात विकायला ठेवलेल्या डिस्कपर्यंत यायला नऊ वर्षं लागली. ती कशात गेली, थर वाढवायच्या कोणत्या पद्धतीनं काय दिलं आणि शेवटी काय सोडून द्यावं लागलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

आधीची अडचण

१९५६ साली आयबीएमनं रामॅक हा हार्ड डिस्कचा पहिला संगणक आणला, तेव्हा त्याच्या तबकडीवर चौरस इंचात साधारण २,००० बिट मावत. वाचायचं काम तारेचं वेटोळं करी: खालून चुंबकीय क्षेत्र बदलत गेलं की वेटोळ्यात विजेचा झटका येई. बिट लहान होत गेले तसा तो झटकाही मंदावत गेला. १९९१ मध्ये आयबीएमनं वेटोळं काढून त्याजागी निकेल-लोहाच्या मिश्रधातूची पट्टी बसवली. चुंबकनाची दिशा फिरली की तिचा विद्युतरोध किंचित बदलतो. हा गुण विल्यम थॉमसन म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन यांनी १८५७ सालीच नोंदवला होता. बदल किती? दोन टक्क्यांच्या आसपास. पट्टी पातळ केली की तोही घटतो. म्हणजे पुढची दहा वर्षं या दोन टक्क्यांवर निघणार नाहीत, हे डिस्कवाल्यांना दिसत होतं.

गंमत अशी, की ज्यांनी यावरचा उपाय शोधला त्यांच्या डोक्यात डिस्क नव्हतीच.

युलिश आणि ओर्से

जर्मनीत युलिशच्या संशोधन केंद्रात पेटर ग्रुनबर्ग यांना प्रश्न पडला होता तो साधा: दोन लोखंडी थरांच्या मध्ये चुंबक नसलेला धातू घातला, तर ते दोन थर एकमेकांना 'ओळखतात' का? १९८६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मध्ये सुमारे एक नॅनोमीटर क्रोमियम असेल तर ओळखतात, आणि ओळख उलटी असते. एका थराचं चुंबकन डावीकडे असेल तर दुसऱ्याचं आपोआप उजवीकडे. बाहेरून ताकदीचं क्षेत्र लावलं तरच दोघं एका दिशेला येतात.

अल्बेर फेर (इंग्रजी वळणानं अल्बर्ट फर्ट) यांचा रस्ता वेगळा होता. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतः इवलासा चुंबक असतो; त्या गुणाला स्पिन म्हणतात. चुंबकीय धातूत वीज वाहते तेव्हा वर-स्पिन आणि खाली-स्पिन असे इलेक्ट्रॉनांचे दोन वेगळे प्रवाह असतात आणि दोघांना रोध वेगवेगळा लागतो, ही कल्पना नेव्हिल मॉट यांनी १९३० च्या दशकात मांडली होती. फेर यांनी पीएचडीपासून तिच्यावर काम केलं होतं. चुंबकीय थर एकावर एक रचले तर या फरकाचा उपयोग करता येईल हे त्यांना कळत होतं. पण इलेक्ट्रॉन एका धडकेपासून दुसरीपर्यंत जेवढा धावतो, त्याहून थर पातळ हवेत, म्हणजे काही नॅनोमीटर. १९७० च्या आसपास असे थर कोणी करू शकत नव्हतं. करणारं यंत्र त्यांच्या हाताशी आलं ते ८० च्या दशकात, पॅरिसच्या दक्षिणेला ओर्सेमध्ये, थॉमसन-सीएसएफ कंपनीच्या प्रयोगशाळेत.

आकड्यांत जाण्याआधी थोडं गणित. एक थर एका जातीच्या इलेक्ट्रॉनाला १ रोध देतो आणि दुसऱ्या जातीला ५, असं धरा. दोन्ही थर एकाच दिशेचे असतील तर पहिल्या जातीला एकूण १+१=२ आणि दुसरीला ५+५=१० लागतात. दोन्ही वाटा समांतर जोडल्यात, त्यामुळे मिळून रोध येतो १.६७. आता एक थर उलटा करा. प्रत्येक जातीला एका ठिकाणी १ आणि दुसऱ्या ठिकाणी ५, म्हणजे ६ आणि ६. समांतर जोडले की ३. उलटे थर सुलटे केले की रोध ३ वरून १.६७ वर येतो, ४४ टक्क्यांची घट. एक्स्प्रेस-वे मोकळा असला की घाटातल्या कोंडीचं एकंदर वाहतुकीला फारसं काही वाटत नाही, पण दोन्ही रस्त्यांवर एकेक नाका बसवला की सगळेच अडकतात. तसंच हे.

थर मुळात उलटे असायला हवेत, ही अट ग्रुनबर्ग यांच्या क्रोमियमनं पुरवली होती. फेर यांनी ते उचललं.

थर कसा वाढवला

ओर्सेचं यंत्र होतं आण्विक झोतानं थर वाढवण्याचं, एमबीई. आमच्या क्षेत्रातला हा सोवळ्यातला स्वयंपाक. पोलादी चेंबरमधून हवा इतकी काढून टाकायची की उरलेला दाब टॉरच्या २० अब्जाव्या भागाइतका राहतो. बाहेर हवेचा दाब असतो ७६० टॉर. हा हट्ट कशासाठी? टॉरच्या दहा लाखाव्या भागाइतका दाब ठेवला, तर उरल्यासुरल्या वायूचे रेणू सुमारे सेकंदाभरात पृष्ठभागावर एक अख्खा पदर चढवू शकतील इतके आदळत असतात. ओर्सेतल्या निर्वातात तोच पदर चढायला पाच-साडेपाच तास लागतील. तेवढ्यात आपलं काम उरकायचं.

खाली बसवायला गॅलियम आर्सेनाइडची चकती निवडली होती, आणि ही निवड फार सुरेख होती. तिच्या स्फटिकाचं घर (अणूंच्या रचनेचा पुन्हा पुन्हा येणारा एक चौकोन) ०.५६५ नॅनोमीटरचं, लोखंडाचं ०.२८७. लोखंडाची दोन घरं तिच्या एका घरावर जवळजवळ नेमकी बसतात, फरक दीड टक्क्यांहून कमी. क्रोमियमचं घर ०.२८८ नॅनोमीटर, म्हणजे लोखंडाला लागून बसवायला तर जुळा भाऊच. म्हणून एकावर एक साठ जोड्या चढवल्या तरी रचना विस्कटत नाही.

भट्टीत धातू तापवून वाफ करायची, समोर चकती आणि मध्ये शटर. लोखंड सेकंदाला सुमारे ०.६ अँगस्ट्रॉम बसे, क्रोमियम सुमारे १ अँगस्ट्रॉम. (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर.) सर्वांत गाजलेल्या नमुन्यात लोखंड ३० अँगस्ट्रॉम आणि क्रोमियम ९. हिशेब करून बघा: लोखंडाचं शटर ५० सेकंद उघडं, मग क्रोमियमचं ९ सेकंद, असं साठ वेळा. एका तासात नमुना तयार. चेंबर त्या निर्वातापर्यंत आणायला मात्र कित्येक दिवस जातात: बाहेरून तापपट्ट्या गुंडाळून भाजणं, पंपांचा घोष, दाबाच्या आकड्याकडे बघत बसणं. या यंत्रावर काम केलेल्या माणसाला विचारलंत तर तो सांगेल, की थर वाढवण्यापेक्षा थर वाढवण्याची वाट बघण्यात त्याचं आयुष्य गेलं.

नऊ अँगस्ट्रॉम क्रोमियम म्हणजे अणूंचे सहा पदर. एक पदर इकडे-तिकडे झाला तर दोन लोखंडी थरांची उलटी ओळख ढिली पडते.

हा नमुना ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे द्रव हेलियमात थंड केला आणि २ टेस्लाचं क्षेत्र लावलं. रोध जवळजवळ निम्म्यावर आला. नोव्हेंबर १९८८ मध्ये लेख छापून आला. पहिलं नाव मारियो बाइबिक यांचं, ते ब्राझीलहून फेर यांच्याकडे आले होते. शीर्षकात त्यांनी या परिणामाला 'महाकाय' म्हटलं, आणि तेच नाव रूढ झालं: जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, जीएमआर.

ग्रुनबर्ग यांच्या गटाचा लेख त्याआधीच पाठवलेला होता, पण छापला गेला मार्च १९८९ मध्ये. त्यांच्याकडे साठ जोड्या नव्हत्या. १२ नॅनोमीटर लोखंड, १ नॅनोमीटर क्रोमियम, १२ नॅनोमीटर लोखंड, इतकंच. घट दीड टक्का. पण ती खोलीच्या तापमानाला. आकडा लहान म्हणून त्याकडे कमी लक्ष गेलं असावं. मला तो लेख जास्त आवडतो. तीन थर, हेलियम नाही, आणि हे वाचक हेडसाठी वापरता येईल हे ग्रुनबर्ग यांनी ओळखून १९८८ मध्येच पेटंटसाठी अर्जही केला होता. पुढे आयबीएमला त्या पेटंटचा परवाना घ्यावा लागला.

ताटात आलेला आकडा

आता तुम्ही डिस्क बनवणाऱ्या कंपनीत आहात असं समजा. हातात पन्नास टक्क्यांचा लेख आहे. तुमच्याकडे आहेत दोन टक्के. उडी मारावीशी वाटणारच.

पण लेख नीट वाचला की तीन अडचणी दिसतात. पहिली, ४.२ केल्विन. दुसरी, एका नमुन्यासाठी लागणारं ते सोवळं. हेडचा कारखाना एमबीईवर चालणार नाही. तिसरी सगळ्यांत मोठी आणि पटकन लक्षात न येणारी: २ टेस्ला म्हणजे २०,००० ओर्स्टेड. अंदाज यावा म्हणून सांगतो, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत मोजतात ते पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या ओर्स्टेडहूनही कमी आहे. (ही वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला गेली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहानं मापं बिघडली असती.) तबकडीवरचा बिट हेडपर्यंत पोचवतो ते क्षेत्र काही दशक ओर्स्टेडचं. वीस हजार त्याला कुठून आणायचे?

इतकं क्षेत्र का लागतं, याचं कारणच पेच सांगतं. क्रोमियम दोन थरांना उलटं धरून ठेवतं म्हणून परिणाम दिसतो, आणि ती पकड घट्ट आहे म्हणून थर सुलटे करायला राक्षसी क्षेत्र लागतं.

खानावळ

कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ आयबीएमचं अल्माडेन संशोधन केंद्र होतं. तिथे स्टुअर्ट पार्किन या इंग्रज संशोधकानं हे थर स्पटरिंगनं करून पाहायचं ठरवलं.

स्पटरिंग म्हणजे खानावळ. चेंबरमध्ये मुद्दाम आर्गॉन सोडायचा, काही मिलिटॉर. धातूच्या चकतीला, म्हणजे टार्गेटला, उच्च व्होल्टेज द्यायचं. आर्गॉनचे आयन टार्गेटवर आपटतात आणि त्याचे अणू उडून समोरच्या काचेवर किंवा सिलिकॉनवर बसतात. काचेच्या खिडकीतून पाहिलं तर आत जांभळट उजेड दिसतो. टार्गेट तांब्याचं असेल तर त्यात हिरवी झाक येते. ज्यानं असं यंत्र चालवलंय तो मीटर बघण्याआधी रंग बघतो. भट्टीतून वाफ होऊन आलेला अणू पृष्ठभागावर अलगद टेकतो, हा मात्र धाडकन येऊन बसतो. थर सलग स्फटिक होत नाही, बारीक बारीक कणांचा होतो, कडा खडबडीत होतात. सहा पदरांच्या नाजूक कामाला हे चालेल, असं तेव्हा फारसं कोणाला वाटत नव्हतं.

चाललं. स्पटरिंगच्या लोह-क्रोमियम थरांतही परिणाम दिसला. त्यानंतरची गोष्ट माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे.

या यंत्राचा वेग ही त्याची खरी ताकद होती. एकदा पंप लावला की एकापाठोपाठ बरेच नमुने होत, टार्गेटं अनेक, शटर संगणकाच्या हातात. वेग सेकंदाला दोन अँगस्ट्रॉम धरला तर शटर अर्धा सेकंद जास्त उघडं ठेवलं की मधला थर एक अँगस्ट्रॉमनं जाड. एमबीईवाल्याला आठवड्याचं काम होतं, तिथे इथे एका दिवसात जाडीची अख्खी मालिका निघे. पार्किन आणि त्यांचे सहकारी केव्हिन रोश यांनी ती काढली. धातू बदलले, जाड्या बदलल्या. आयबीएमच्या सांगण्यानुसार असे सुमारे ३०,००० नमुने झाले.

त्या मालिकांतून जे बाहेर आलं त्याची कोणाला अपेक्षा नव्हती. मधला थर जाड करत गेलं की उलटी पकड हळूहळू संपेल, असा सगळ्यांचा समज होता. ती संपली, पुन्हा आली, पुन्हा संपली, पुन्हा आली. उलट, सुलट, उलट, सुलट, लाटेसारखी, बहुतेक धातूंत सुमारे दहा अँगस्ट्रॉमच्या अंतरानं, क्रोमियममध्ये त्याहून लांब. १९९० मध्ये हे छापलं गेलं, त्यात कोबाल्ट-रुथेनियमही होतं. पुढच्याच वर्षी कोबाल्ट-तांब्याच्या थरांत खोलीच्या तापमानाला ६५ टक्क्यांहून जास्त बदल मिळाला. फेर यांच्या गटानंही मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर स्पटरिंगचेच थर वापरून तांब्यात ही लाट पाहिली.

एमबीईच्या एकेका नमुन्यावर प्रबंध लिहिणाऱ्यांना ही लाट दिसणं अवघड होतं, कारण लाट दिसायला एक चांगला बिंदू पुरत नाही, पंचवीस बरे बिंदू लागतात.

इथे खडबडीतपणाची बाजू घेऊन एक बोलायला हवं. अमेरिकेतल्या गेथर्सबर्गला एनआयएसटी या राष्ट्रीय मानक संस्थेत उंगुरिस, चेलोटा आणि पीअर्स यांनी १९९१ मध्ये लोखंडाच्या केसासारख्या बारीक, जवळजवळ निर्दोष स्फटिकावर क्रोमियमची पाचर वाढवली: एका टोकाला काहीच नाही, दुसऱ्या टोकाकडे हळूहळू जाड. मग वरचं लोखंड घालून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं चुंबकनाचा नकाशा काढला. स्फटिक तापवून क्रोमियम गुळगुळीत वाढवलं तर काळे-पांढरे पट्टे जवळजवळ दर पदराला उलटत होते, दोन पदरांची लाट. न तापवता वाढवलेलं, थोडं खडबडीत क्रोमियम मात्र फक्त लांब लाट दाखवत होतं. बारीक लाट खडबडीतपणात पुसली गेली होती.

कारखान्यासाठी हे वरदान म्हणायला हवं. प्रत्येक पदराला उलटणारा धातू घेऊन कोणी लाखो हेड बनवू शकत नाही. एक अणू चुकला की माल वाया. दहा अँगस्ट्रॉमची लांब लाट असेल तर एखाद्या अँगस्ट्रॉमची चूक पोटात घालता येते.

(थर खरोखर उलटे आहेत की नाहीत हे तपासायला न्यूट्रॉन कामी येतात, कारण न्यूट्रॉन स्वतः इवलासा चुंबक असतो आणि थराथरातलं चुंबकन वेगळं काढून सांगू शकतो. आपल्याकडे मुंबईत तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीवर अशा मापनाची सोय आहे.)

पकड सोडून दिली

तरीही क्षेत्राचा प्रश्न उरला. कोबाल्ट-तांब्याला ६५ टक्के, पण तिथेही पकड घट्ट आणि क्षेत्र हजारो ओर्स्टेडचं.

१९९१ मध्ये अल्माडेनमधूनच बर्नार्ड दिएनी, व्हर्जिल स्पेरिओसू, पार्किन, ब्रूस गर्नी आणि सहकाऱ्यांनी जो उपाय छापला तो ऐकायला सोपा आहे: ज्या पकडीमुळे शोध लागला, तीच काढून टाका. मधलं तांबं इतकं जाड करा, वीस-पंचवीस अँगस्ट्रॉम, की दोन थरांची ओळख जवळजवळ पुसेल. पण मग थर उलटे राहणार कसे? त्यांतल्या एकाला खुंटीला बांधा. लोह-मँगनीज हा प्रतिलोहचुंबकीय (ज्यात शेजारशेजारच्या अणूंची चुंबकनं एकमेकांना रद्द करतात असा) मिश्रधातू एका थराला चिकटवला की तो थर जागचा हलत नाही. ही युक्ती १९५६ पासून माहीत होती; मायकलजॉन आणि बीन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ऑक्साइड चढलेल्या कोबाल्टच्या कणांत ती पाहिली होती आणि तिचा मोठा व्यावहारिक उपयोग झाला नव्हता. दुसरा थर मऊ निकेल-लोहाचा, मोकळा; बारीक क्षेत्र आलं तरी वळणारा. नाव पडलं स्पिन-व्हॉल्व्ह.

मिळालेला बदल: ५ टक्के. क्षेत्र: १० ओर्स्टेड. तापमान: खोलीचं.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. ओर्सेचे सुमारे ५० टक्के भागिले २०,००० म्हणजे एका ओर्स्टेडला ०.००२५ टक्का. इथे ५ भागिले १०, म्हणजे ०.५ टक्का. मथळ्यातला आकडा दहापटीनं घटला आणि हेडच्या कामाचा आकडा दोनशे पटीनं वाढला. या क्षेत्रात आजही नवीन पदार्थाचा लेख आला की सगळे आधी टक्के बघतात. मी आधी आलेखाच्या अक्षावरचं क्षेत्र आणि तापमान बघतो; ही सवय मला या प्रकरणानंच लावली.

१९९१ ते १९९७ ही वर्षं बाहेरून रिकामी दिसतात. आत ती भरलेली होती, पण लेखांत न मावणाऱ्या कामानं. लोह-मँगनीज गंजतं. शिवाय दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास त्याची खुंटी सैल होते, आणि हेड बनवताना त्याहून जास्त भाजावं लागतं. मग निकेल ऑक्साइड, पुढे प्लॅटिनम-मँगनीज, इरिडियम-मँगनीज आले. निकेल आणि तांबं एकमेकांत सहज विरघळतात, म्हणजे दहा-बारा पदरांची सीमा भट्टीत गढूळ होते. त्यावर मध्ये कोबाल्टचे काही अँगस्ट्रॉम घालायचा उपाय निघाला. त्यानं सीमा सांभाळली आणि परिणामही वाढला, कारण इलेक्ट्रॉनांची निवड मुख्यतः त्या सीमेवरच होते. बांधलेल्या थराचं स्वतःचं क्षेत्र मोकळ्या थराला ढकलत असे. त्यासाठी बांधलेल्या थराचेच दोन भाग केले आणि मध्ये एक नॅनोमीटरहूनही पातळ रुथेनियम घातलं: दोन भाग उलटे, बाहेर पडणारं क्षेत्र जवळजवळ शून्य. म्हणजे समोरच्या दारानं घालवलेली उलटी पकड मागच्या दारानं परत आली आणि यावेळी हुकमात राहिली. रुथेनियमची जाडी किती ठेवायची याचं उत्तर १९९० च्या लाटेतून मिळालेलं होतंच.

नोव्हेंबर १९९७ मध्ये आयबीएमनं डेस्कस्टार १६जीपी जाहीर केली: १६.८ गिगाबाइट, चौरस इंचाला सुमारे २.७ अब्ज बिट. रामॅकच्या तेरा लाख पटींहून जास्त. थोड्या वर्षांत इतर कंपन्यांची हेडही याच जातीची झाली.

नंतर

२००१ मध्ये रुथेनियम हेडमधून तबकडीवर उतरलं. बिट फार लहान झाले की खोलीतल्या उष्णतेनंच पुसले जायची भीती असते. आयबीएमनं नोंदीच्या चुंबकीय थराचे दोन भाग करून मध्ये तीन अणूंच्या जाडीचं रुथेनियम घातलं, आणि त्या उलट्या पकडीनं बिट टिकू लागले. कंपनीच्या लोकांनी त्याला गमतीनं 'पिक्सी डस्ट' म्हणजे परीची भुकटी म्हटलं. भुकटी कसली, सेकंदांत मोजलेलं शटर.

९ ऑक्टोबर २००७ ला फेर आणि ग्रुनबर्ग यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. पार्किन यांचं नाव त्यात नव्हतं. शोधाचं पारितोषिक शोधणाऱ्यांना, यात तक्रारीसारखं काही नाही. पण माझ्यासारख्या थर वाढवणाऱ्याला ती ३०,००० नमुन्यांची मालिकाही शोधच वाटते. पार्किन यांना २०१४ मध्ये फिनलंडचं मिलेनियम तंत्रज्ञान पारितोषिक मिळालं.

त्याआधी एकदा, २००४ साली, हेच नाटक जवळजवळ त्याच पात्रांनी पुन्हा झालं. मधला थर आता धातूचा नव्हता, विद्युतरोधक होता, आणि इलेक्ट्रॉन त्यातून बोगदा काढल्यासारखे पलीकडे जात. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असा थर खोलीच्या तापमानाला चालतो हे १९९५ मध्ये एमआयटीतल्या जगदीश मूडेरा यांच्या गटानं आणि जपानमध्ये तेरुनोबू मियाझाकी यांनी दाखवलं होतं. मॅग्नेशियम ऑक्साइडचा स्फटिकासारखा नीट थर असेल तर परिणाम कैक पट होईल, असं सिद्धांत सांगत होता. २००४ च्या डिसेंबरात एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. जपानमधल्या त्सुकुबाहून शिंजी युआसा यांचा: एमबीई, एकसंध स्फटिक, सुमारे १८० टक्के. अल्माडेनहून पार्किन यांचा: स्पटरिंग, २२० टक्के.

पण मॅग्नेशियम ऑक्साइड सरळ उभं राहायला त्याखाली योग्य स्फटिक लागतो, आणि हेडच्या खालचे थर तो देत नव्हते. पुढच्या वर्षी जपानमधूनच त्यावर तोड निघाली. कोबाल्ट-लोहात बोरॉन मिसळून आधी मुद्दाम काचेसारखा बिनस्फटिकी थर स्पटर करायचा. त्याच्यावर मॅग्नेशियम ऑक्साइड घातलं की ते स्वतःहून नीट रचनेत बसतं. मग सगळं साडेतीनशे अंश सेल्सियसच्या आसपास भाजायचं. उष्णतेनं बोरॉन बाजूला सरकतं आणि कोबाल्ट-लोह सीमेपासून सुरू करून, शेजारच्या मॅग्नेशियम ऑक्साइडचं बघून, पदराला पदर जुळवत स्फटिक होत जातं. सोवळ्यातलं काम खानावळीच्या भट्टीत, थर चढवून झाल्यावर होतं.